जुन्या फोटोंतले भिक्खू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या भिक्खूंच्या फोटोखाली बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : ‘बुद्धिस्ट प्रीस्ट्स’. ना नाव, ना विहार, ना साल. मथळ्यावर विसंबणारा हमखास फसतो. पण चीवर (भिक्खूचं वस्त्र), खांदा, भुवया, पंखा, खुर्ची एवढं नीट बघितलं तर देश कळतो, संप्रदाय कळतो, कधी कधी भिक्खूचा दर्जासुद्धा कळतो. खालचे प्रश्न सिलोन, ब्रह्मदेश, सयाम, चीन आणि जपानमधल्या फोटोंबद्दल आहेत. देशांची नावं जुनीच ठेवली आहेत (सिलोन म्हणजे श्रीलंका, ब्रह्मदेश म्हणजे म्यानमार, सयाम म्हणजे थायलंड), कारण फोटोंच्या पाठीवर तीच लिहिलेली असतात.

हे फोटो कोणी काढले आणि कधी?

ढोबळ मानाने १८६० ते १९०० या चाळीस वर्षांत, आणि बहुतेक स्टुडिओवर पोट असलेल्या लोकांनी. सिलोनमध्ये कोलंबोची स्कीन आणि कंपनी, तसाच कँडीचा चार्ल्स स्कोवेन. ब्रह्मदेशात फिलिप क्लिअर हा जर्मन, आधी मोलमीनला आणि मग रंगूनला. तिथेच फेलिचे बेआतो. लखनौच्या सिकंदरबागेतल्या सांगाड्यांचा १८५८ चा तो अंगावर येणारा फोटो याचाच. चीन आणि जपान करून हा गडी १८८७ च्या सुमारास ब्रह्मदेशात पोचला. मंडालेत त्याने स्टुडिओ तर काढलाच, शिवाय कोरीव लाकूडकाम आणि चांदीच्या वस्तूंचं दुकानही थाटलं.

सयाममध्ये एडिंबरोचा जॉन थॉमसन १८६५ मध्ये आला आणि त्याने राजा मोंगकुटचेही फोटो काढले. पण त्याच्याआधी, १८६३ मध्ये, तिथल्याच फ्रान्सिस चितने बँकॉकच्या नदीवरल्या तरंगत्या घरात स्टुडिओ उघडला होता. गोऱ्यांनी काढलेल्या फोटोंच्या गर्दीत चितचं नाव नेहमी मागे पडतं, म्हणून इथे मुद्दाम घेतो. थॉमसनने पुढे चीनमध्ये फूचौजवळच्या कुशान मठातल्या भिक्खूंचे फोटो काढले. जपानचे फोटो बेआतो, स्टिलफ्रीड आणि कुसाकाबे किंबेई यांच्या योकोहामातल्या स्टुडिओंतून आले. दार्जिलिंगच्या लामांचे फोटो हा वेगळाच विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

चीवर तर पिवळं किंवा भगवं असतं. मग फोटोत ते काळं का दिसतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर चीवरात नाही, काचेत आहे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत मांडली आणि पुढची तीस वर्षं जवळजवळ सगळे फोटो तिनेच निघाले. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात धुवायची. कोलंबो-रंगूनच्या उकाड्यात हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागे. या काचेवर निळा प्रकाश उमटायचा. पिवळा, नारिंगी, लाल जवळजवळ उमटायचाच नाही. म्हणून त्या काळच्या फोटोंत निळंभोर आकाश पांढरंफटक होतं आणि भगवं चीवर काळंकुट्ट.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चीवराची खरी छटा अशा फोटोवरून ठरवता येत नाही. सिलोन, ब्रह्मदेश, सयाम तिन्हीकडे फणसाच्या लाकडाचा गाभा उकळून त्यात चीवर रंगवायची जुनी पद्धत होती. त्याचा पिवळा आणि गडद तपकिरी हे दोन्ही फोटोत सारखेच गडद येतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माणसाच्या कातडीत तांबूस-पिवळा रंग असतो, त्यामुळे चेहरेही प्रत्यक्षापेक्षा सावळे उमटतात. ‘त्या काळचे लोक किती काळे होते’ अशा प्रतिक्रिया वाचल्या की हसावं की चिडावं कळत नाही.

१८७३ मध्ये हर्मान फोगेलने काही रंगद्रव्यं मिसळून काचेला हिरवा-पिवळा दाखवण्याची युक्ती शोधली. पण स्टुडिओंपर्यंत ती पोचायला वेळ लागला, आणि लालपर्यंत सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास.

स्कॅन हाताशी असेल तर एक करून बघा. चीवराचा काळा भाग उजळवा. बऱ्याचदा त्यात आडव्या-उभ्या शिवणी दिसायला लागतात. चीवर अखंड कापडाचं नसतं, तुकडे जोडून शिवलेलं असतं. मगधाच्या शेतांचे बांध दाखवून तशी रचना करायला बुद्धाने आनंदाला सांगितलं, असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, आहे. काळ्या डागासारख्या दिसणाऱ्या कापडातून ते बांध हळूहळू वर येताना बघायला फार मजा येते.

एका फोटोत उजवा खांदा उघडा, दुसऱ्यात दोन्ही झाकलेले. फरक कशाने?

थेरवादी म्हणजे सिलोन, ब्रह्मदेश, सयामकडची बौद्ध परंपरा. तिची सर्वसाधारण रीत अशी : विहाराबाहेर पडताना दोन्ही खांदे झाकायचे, विहारात वा वडीलधाऱ्यांसमोर उजवा उघडा ठेवायचा. पण एकोणिसाव्या शतकातल्या सिलोनमध्ये खांद्यावरून संप्रदाय ओळखू यायचा आणि त्या संप्रदायांच्या मुळाशी, आपल्याला ओळखीची वाटेल अशी, जात होती.

सिलोनमधली भिक्खूंची परंपरा खंडित झाली होती. ती १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली थेरांनी (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) पुन्हा सुरू केली, म्हणून त्या शाखेचं नाव सयाम निकाय. कँडीचे मल्वत्त आणि अस्गिरिय हे तिचे दोन मोठे विहार. काही वर्षांतच तिथे नियम झाला की उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, फक्त गोविगम जातीच्या मुलांनाच, म्हणजे शेती करणाऱ्या वरच्या जातीला. किनाऱ्यावरच्या दालचिनी सोलणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या जातींनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांच्यातले काही श्रामणेर (पूर्ण दीक्षा न झालेले शिकाऊ भिक्खू) समुद्र ओलांडून ब्रह्मदेशाच्या राजधानीत, अमरपूरला गेले आणि तिथून उपसंपदा घेऊन आले. १८०३ मध्ये अमरपूर निकाय उभा राहिला. १८६४ मध्ये तिसरा, रामञ्ञ निकाय आला. त्याचा भर कडक विनयावर.

आता फोटोकडे या. उजवा खांदा उघडा आणि भुवयाही काढलेल्या असतील तर तो बहुधा सयाम निकायातला भिक्खू. दोन्ही खांदे झाकलेले आणि भुवया जागेवर असतील तर अमरपूर किंवा रामञ्ञ. भुवया बघायला भिंग लागतं, पण बघाच. स्टुडिओने मथळ्यात नुसतं ‘प्रीस्ट्स’ लिहून ठेवलं असलं तरी जातीवरून झालेलं सगळं भांडण त्या कपाळावर नोंदलेलं असतं.

ब्रह्मदेशातही खांद्यावरून मोठा वाद झाला होता. एक खांदा उघडा ठेवणारे एकीकडे, दोन्ही झाकणारे दुसरीकडे, आणि तो जवळजवळ शतकभर चालला. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा बोदोपायाने दोन्ही झाकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. अमरपूरहून परतलेल्या सिंहली भिक्खूंनी दोन्ही खांदे का झाकले, हे त्यावरून कळतं.

डावा खांदा उघडा दिसला तर?

तर फोटो उलटा छापला आहे. डावा खांदा कोणत्याही संप्रदायात उघडा ठेवत नाहीत. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवली किंवा स्कॅन करताना कोणी आरशासारखी प्रतिमा केली की असं होतं. इंटरनेटवर असे फोटो ढिगाने आहेत. चीवराला बटणं नसल्यामुळे ही चूक सहज लक्षात येत नाही.

हातात तो मोठा पंखा कशासाठी? गरमीसाठी?

नाही. उपासकांना शील देताना, सूत्रपठण किंवा देशना (प्रवचन) करताना भिक्खू तो चेहऱ्यासमोर धरतात. ऐकणाऱ्याचं लक्ष बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न जाता धम्माकडे राहावं, हा हेतू. सिलोनमध्ये त्याला वटापत म्हणतात. तिथल्या जुन्या फोटोंत तो ताडाच्या पानाचा, घड्या पाडलेला, जवळजवळ गोल दिसतो. ब्रह्मदेशात त्याचा दांडा वळवून एस अक्षरासारखा केलेला असतो.

सयाममधल्या फोटोंत मात्र पंख्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. तिथे राजाकडून पदवी मिळालेल्या भिक्खूला पदवीबरोबर पंखाही मिळायचा. रेशमी, भरतकाम केलेला, आणि त्याच्या आकारावरून पायरी कळायची. असा पंखा शेजारी उभा करून बसलेला भिक्खू हा कुठल्या तरी गल्लीतला साधा ‘प्रीस्ट’ नाही, राजमान्य थेर आहे. मथळा काहीही म्हणो.

आणि गंमत बघा. जी वस्तू चेहरा झाकण्यासाठी आहे, ती स्टुडिओत गुडघ्यावर खाली धरायला लावायचे, कारण गिऱ्हाइकाला चेहरा हवा असायचा. माझ्यासमोरच्या एका सिंहली फोटोत बसलेल्या थेरांनी पंखा हनुवटीपर्यंत आणून ठेवला आहे. खाली घेतलाय म्हणावा तर पुरता खाली नाही, वर म्हणावा तर वरही नाही. फोटोवाल्याने ‘अजून खाली’ म्हटलं असेल आणि थेरांनी ‘एवढंच’ म्हणून तो तिथेच थांबवला असेल, असं मला उगाच वाटतं.

सगळे इतके गंभीर का? जबरदस्तीने बसवलेत का?

काही सेकंद पापणी न हलवता बसून बघा, म्हणजे कळेल. त्या काळी डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँड लावायचे. भिक्खू उभा असेल तर चीवराच्या खालच्या काठाजवळ, टाचांच्या मागे, त्या स्टँडचा पाय कित्येकदा दिसतो. शिवाय फोटोत हसायची पद्धत त्या काळी कुठेच नव्हती, लंडनमध्येही नाही.

खुर्चीवर पांढरं कापड घातलेलं असतं. ती स्टुडिओची सजावट का?

खोट्या खांबांचे कठडे, रंगवलेला पडदा, गालिचा ही स्टुडिओची सजावट. पांढरं कापड नाही. भिक्खू बसणार असतील तर आसनावर स्वच्छ पांढरं कापड अंथरायची सिंहली रीत आहे, आजही आहे. म्हणजे फोटो काढताना कोणी तरी उपासक हजर होता किंवा स्टुडिओवाल्याला एवढं भान होतं.

कोण बसलंय आणि कोण उभं आहे याकडेही लक्ष द्या. संघात मोठेपणा वयावर नाही, उपसंपदेनंतर किती वर्षावास (पावसाळ्यातले विहारातले मुक्काम) झाले यावर ठरतो. उपसंपदा वयाच्या वीस वर्षांआधी मिळत नाही. त्यामुळे मागे उभी असलेली किंवा पायाशी बसलेली पोरसवदा मुलं बहुतेक श्रामणेर. त्यांच्या हातात ताडपत्राची पोथी दिली असेल तर तीही निरखा. पानं खरोखर उलगडलेली आहेत की नुसता गठ्ठा धरायला दिलाय, यावरून प्रसंग किती मांडून आणलेला आहे ते कळतं.

भिक्खूंची नावं का लिहिलेली नसतात?

कारण विकत घेणाऱ्याला नाव नको होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपहून पूर्वेला जाणाऱ्या आगबोटींची वर्दळ वाढली. आधी गॉल आणि मग कोलंबो बंदरात प्रवासी उतरायचे, कँडीला बुद्धाच्या दंतधातूचं (दाताचं) मंदिर बघायचे आणि परतताना अल्बममध्ये चिकटवायला फोटो घ्यायचे. चहाचे मळे, ताडाची झाडं, हत्ती, ‘तमिळ कुली’, ‘कँडीचा सरदार’, ‘बुद्धिस्ट प्रीस्ट्स’. एकाच यादीत, एकाच दराने. प्रत्येक काचेला क्रमांक असायचा. तो आणि मथळा काचेवर अपारदर्शक शाईने उलट्या अक्षरांत लिहीत, म्हणून छापलेल्या फोटोत तो कोपऱ्यात पांढरा उमटतो. गिऱ्हाईक क्रमांक सांगायचं, दुकानदार तेवढ्या प्रती छापून द्यायचा.

त्याच काळात सरकारी अधिकारी आणि मानववंशाचे अभ्यासक माणसांचे ‘नमुने’ गोळा करत होते. आपल्याकडेही तेच चाललं होतं. विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींचे फोटो असेच ग्रंथात बसवले. भिक्खूंचे फोटो त्याच मांडणीतले. माणूस एक, पण खाली नाव साऱ्या वर्गाचं. मला यात सगळ्यात खटकतं ते हे की दगडी मूर्तीच्या फोटोला अनुराधपूर की पोलोन्नरुव हे आवर्जून लिहिलं जायचं, आणि शेजारच्या जिवंत माणसाचा विहारसुद्धा कोणी विचारला नाही.

अपवाद आहेत, आणि ते काही साधेसुधे नाहीत. १८७३ मध्ये पानदुऱ्याला ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वाद घालून गाजलेले मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर, त्याच वर्षी कोलंबोत विद्योदय परिवेण (भिक्खूंचं विद्यालय) स्थापन करणारे हिक्कडुवे सुमंगल थेर. यांचे फोटो नावासकट राहिले, कारण ते बौद्धांनीच जपले आणि वाटले. तेव्हा कॅमेऱ्याने नाव पुसलं असं म्हणणं अर्धवट आहे. नाव राहतं की जातं हे फोटो कोणासाठी काढला यावर ठरायचं. निनावी फोटोतला चेहरा ओळखीचा वाटला तर अशा नावानिशी असलेल्या फोटोंशी ताडून बघावा. पण नुसत्या साम्यावरून नाव चिकटवू नये. मुंडन केलेली डोकी आणि एकसारखी चीवरं यामुळे माणसं सारखी वाटतात, हा या कामातला सगळ्यात मोठा सापळा.

जपानी फोटोंतले भिक्खू खरे असतात का?

काही असतात, काही अजिबात नसतात. योकोहामातल्या स्टुडिओंत ठरलेली माणसं असायची. तोच गडी आज सामुराई, उद्या वैद्य, परवा भिक्खू. परदेशी गिऱ्हाइकाला हवा तो जपान तिथे बसवून मिळायचा, वर हाताने रंग भरून. हे रंगकाम सुंदर आहे यात वाद नाही, पण ते पुरावा म्हणून धरू नका. रंगवणाऱ्यासमोर अनेकदा फक्त काळपट छाप असायची, आणि अल्बममध्ये उठून दिसेल तो रंग तो भरायचा.

काळाचंही भान ठेवा. १८६८ नंतर मेइजी सरकारने शिंतोला बौद्ध धर्मापासून वेगळं काढलं आणि अनेक ठिकाणी मंदिरं, मूर्ती, पोथ्या फोडल्या-जाळल्या गेल्या. १८७२ मध्ये सरकारने जाहीर केलं की भिक्खूंनी लग्न करावं, मांसाहार करावा, केस वाढवावेत, त्यांची मर्जी. म्हणजे त्यानंतरच्या फोटोत केस असलेला जपानी भिक्खू दिसला तर तो लगेच तोतया ठरत नाही. उलट डोक्यावर वेताची उलटी टोपली घालून बासरी वाजवणारा ‘कोमुसो’ दिसला तर सावध व्हा. त्यांचा फुके संप्रदाय सरकारने १८७१ मध्येच बंद केला होता. तरी पुढची कित्येक वर्षं कोमुसोचे फोटो निघत राहिले, कारण ते खपत होते.

फोटो काढून घेणं विनयाला चालतं का?

विनयाचे नियम बनले तेव्हा कॅमेरा नव्हता, त्यामुळे नियमही नाही. सोनं-रुपं स्वीकारायला मात्र भिक्खूला मनाई आहे. आणि हे फोटो चांदीच्या क्षारांनी उमटायचे, वर सोन्याच्या क्षाराने त्यांना जांभळट झाक द्यायचे. विनयधर थेरांना ही कृती कोणी समजावून सांगितली असती तर त्यांनी काय निर्णय दिला असता, यावर एक छान चर्चा होऊ शकली असती.

‘पूर्वेकडचे लोक फोटोला घाबरायचे’ हे सरसकट विधान मात्र सोडून द्या. सयामचा राजा मोंगकुट गादीवर येण्याआधी २७ वर्षं भिक्खू होता आणि धम्मयुत हा सुधारणावादी संप्रदाय त्यानेच सुरू केला. याच माणसाने राजा झाल्यावर स्वतःचा फोटो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला भेट पाठवला.

१८९३ च्या शिकागो परिषदेच्या फोटोतले अनागारिक धर्मपाल भिक्खू होते ना?

तेव्हा नव्हते. पांढऱ्या वेषातले, घरदार सोडलेले, पण संघात न आलेले असे ते अनागारिक होते. भिक्खू झाले ते आयुष्याच्या शेवटी. त्या परिषदेला चीवरधारी आले होते ते जपानचे, शाकू सोएन आणि त्यांचे सहकारी.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढूनताणून नाही, खराच आहे.

मुंबईत १८५० च्या दशकातच फोटोग्राफी रुजली होती. एल्फिन्स्टनमध्ये तिचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिचंद चिंतामण तयार झाले. पेशाने फोटोग्राफी करणाऱ्या पहिल्या भारतीय माणसांतले ते एक. फेब्रुवारी १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हात्स्की मुंबईत उतरले तेव्हा गिरगावात त्यांची सोय लावणारे हेच हरिचंद. पुढच्या वर्षी मेमध्ये ते दोघे सिलोनला गेले आणि गॉल इथे त्यांनी पंचशील घेतलं. पुढे ऑल्कॉटच्या कामाला ज्यांचं मोठं पाठबळ मिळालं ते सुमंगल थेर.

याच सुमंगल थेरांकडे १९०२ मध्ये गोव्यातल्या साखवाळचा एक तरुण पोचला. धर्मानंद कोसंबी. विद्योदय परिवेणात थेरांनी त्यांना श्रामणेर दीक्षा दिली. त्यामुळे सुमंगल थेरांचा जुना फोटो मराठी वाचकाने बघितला तर तो आपल्या पाली पंडिताच्या उपाध्यायांचा फोटो आहे. ‘सिलोनमधला कोणी भिक्खू’ एवढ्यावर त्याला सोडू नये.

ब्रह्मदेशाचं नातं रत्नागिरीशी. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला बोटीत घातलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तो १९१६ मध्ये तिथेच वारला. बेआतोने मंडालेचे मठ आणि भिक्खू टिपले ते यानंतर. राजाश्रयावर बांधलेले ते सोनेरी लाकडी मठ त्याच्या फोटोंत दिमाखात उभे आहेत, पण ब्रह्मदेशाचा राजा तेव्हा कोकणात होता. ते फोटो बघताना हे माहीत असलं की बघण्यात फरक पडतो.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी हे याच एकोणिसाव्या शतकातल्या, ब्रह्मदेशातल्या अराकानचे. त्यांच्या लहानपणी त्या भागातल्या विहारांत जे भन्ते वावरत होते ती हीच पिढी.

घरात किंवा जुन्या बाजारात असा फोटो मिळाला. तो खरोखर त्या काळचा आहे हे कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छाप ठिपक्यांची दिसली तर ते पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेलं चित्र आहे. ठिपके नसतील आणि कागदाचे धागे चमकदार थराखालून दिसत असतील तर बहुधा अल्ब्युमिन छाप. म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद, ज्यावर काच ठेवून उन्हात छापायचे. हा कागद इतका पातळ असतो की नुसता ठेवला तर सुरळी होते, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असतो. रंग तपकिरी ते जांभळट, उजळ भाग पिवळसर पडलेले, आणि भिंगाखाली बारीक तडे.

छाप करडी-काळी, जाडसर कागदावर आणि सावल्यांत आरशासारखी चंदेरी झाक असेल तर तो जिलेटिनचा, म्हणजे बहुधा १८९० नंतरचा. काच जुनी असून छाप नवी असणं हेही सर्रास होतं. स्टुडिओ विकला जायचा तेव्हा काचा नव्या मालकाकडे जायच्या आणि तो स्वतःच्या नावाने छापत राहायचा. म्हणून पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव म्हणजे फोटो काढणाऱ्याचंच नाव, असं धरून चालू नका.

तो जपायचा कसा?

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. ओल्या कापडाने पुसू नका, कारण अंड्याच्या थराला पाणी लागलं की तो फुगतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढा, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घाला, आडवा ठेवा. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायच्या फंदात पडू नका. पुठ्ठ्यावर लिहिलेलंच कधी कधी एकमेव धागा असतो. पाठीवर काही लिहायचंच तर पेन्सिलने, हलक्या हाताने. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कसर आणि बुरशी हे दोन खरे शत्रू. भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगला स्कॅन करून तो लावा.

हे फोटो लेखात किंवा पुस्तकात वापरले तर परवानगी लागते का?

आपल्या कायद्यात फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बेआतो १९०९ मध्ये गेला, थॉमसन १९२१ मध्ये. तो हक्क केव्हाच संपला. पण संग्रहालयांच्या स्कॅनच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्या वाचाव्या. थॉमसनच्या काचेच्या निगेटिव्ह लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत आणि त्यांचे स्कॅन मोकळेपणी वापरता येतात. फोटो वापरताना मूळ मथळा आणि क्रमांक जसाच्या तसा द्या, आणि आपण काही ओळखलं असेल तर ते वेगळं लिहा. दोन्हीची सरमिसळ केली की पुढच्या माणसाला कोणतं खरं ते कळत नाही.

ॲप वापरून रंग भरले तर काय बिघडतं?

ॲपला ओला कलोडियन माहीत नसतो. त्याला गडद कापड दिसतं, म्हणून ते चीवर चॉकलेटी किंवा काळपट निळं करून टाकतं, आणि चेहऱ्यांवर अंदाजाने सावळा रंग चढवतं. योकोहामाच्या रंगाऱ्याने निदान एखादा भिक्खू रस्त्यात बघितला असेल. तरी रंगवायचंच असेल तर चीवराचा रंग स्वतः निवडा, खाली ‘रंग कल्पनेने भरले आहेत’ असं लिहा, आणि मूळ फोटो शेजारी टाका. आणि त्याआधी खांदा तपासा. उलटा फोटो रंगवून व्हॉट्सॲपवर गेला की तो परत सरळ होत नाही.